हिराअक्काची खुर्ची

आमच्या टी-रूममध्ये येणारी माणसं दोन प्रकारची. तीन मजली ताट समोर आलं की आधी फोटो काढणारी एक, आणि "हे सगळं छान आहे हो, पण आलं घालून उकळलेला चहा मिळेल का?" असं विचारणारी दुसरी. स्कोन मात्र दोघांनाही आवडतो. मुठीएवढा गोल, वरून नानकटाईसारखा खुसखुशीत आणि आतून पावासारखा मऊ. सोबत घट्ट साय आणि केळीचा जॅम. "हे कुठं शिकलात?" असं कुणी ना कुणी विचारतंच. मी हसून सांगते, "इंग्लंडला गेले होते ना, तेव्हा."

यातलं निम्मं खोटं आहे. इंग्लंडला गेले होते हे खरं, तेही अकरा दिवसांच्या ग्रुप टूरबरोबर. पण शिकले मी धुळ्यात, आमच्या बोळात, हिराअक्काकडून. अक्का आता नाही. गिऱ्हाइकासमोर तिचं नाव माझ्या तोंडातून निघत नाही. जेव्हा निघायला हवं होतं तेव्हा मी भलतंच बोलले, आणि आता घेतलं तर चोरी पकडली गेल्यावर वस्तू परत केल्यासारखं होईल. म्हणून हे लिहून टाकते आहे.

हिराअक्का आमच्या समोरच्या खोलीत एकटी राहायची. उंच, हडकुळी, सावळी. कपाळावर बंद्या रुपयाएवढं कुंकू. नवरा लग्नानंतर दोन वर्षांनी सुरतेला कामाला गेला आणि तिकडचाच झाला. बोळातल्या बायकांनी खोदून विचारलं तर ती अहिराणीत एवढंच म्हणायची, "गया तो गया. कुंकू मनं शे." कुंकू तिचं स्वतःचं होतं. माहेर नरडाण्याजवळचं. दहा-अकरा वर्षांची असताना ती धुळ्यातल्या एका डॉक्टर मडमेच्या बंगल्यावर कामाला लागली आणि मडम मायदेशी परत जाईपर्यंत तिथेच होती. केर-पाण्यापासून सुरुवात झाली, आणि शेवटी बंगल्यातलं सगळ्यात मानाचं काम तिच्या हातात आलं. ती त्याला 'चारना च्या' म्हणायची. मी तिला पाहिलं ते त्यानंतरच्या काळात, एका बालवाडीत आया असताना. बालवाडी तीनला सुटायची. साडेतीनला अक्का घरी, आणि चारला चहा.

धुळ्यात उन्हाळ्यात चार वाजता कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. अशा वेळी अक्का लाकडी स्टुलावर पांढरा रुमाल अंथरायची. रुमालाच्या कोपऱ्यांवर जांभळी फुलं काढलेली. त्यावर ट्रे, ट्रेमध्ये निळ्या वेलीच्या दोन कपबश्या, पांढरी किटली आणि किटलीवर लोकरीची टोपी. हे सगळं सामान मडमेनं जाताना दिलेलं. समोरच्या कौसाकाकू हमखास ओरडायच्या, "हिरा, किटलीले थंडी वाजस का वं?" अक्का मान वर न करता उत्तर द्यायची, "किटलीले नही वं, च्याले वाजस."

मी सहा-सात वर्षांची असल्यापासून त्या चहाची ठरलेली पाहुणी. खोलीत एकच खुर्ची होती, लोखंडी, घडीची. तिच्यावर मी बसायचे, पाय लोंबकळत. माझ्या चहात दूध जास्त आणि चहा नावाला असायचा, पण वाढण्यात कुठे काटकसर नाही. किटलीत आधी गरम पाणी घालायचं, गोल फिरवायचं आणि ओतून द्यायचं. "भांडं थंडं ऱ्हायनं ते च्या रुसी बठस." मग पत्ती, मग पाणी, मग टोपी. मडमेकडे वाळूचं घड्याळ होतं. अक्काकडे गणपतीची आरती होती. मनातल्या मनात तीन वेळा आरती म्हटली की चहा बरोबर उतरायचा. तेवढ्या वेळात तिच्याशी बोललेलं चालायचं नाही. ओठ हलत राहायचे आणि तिसऱ्या आरतीला ती टोपी उचलायची. कप माझ्यापुढे ठेवताना तो थोडा फिरवायची, कपाचा कान घड्याळातल्या चारच्या आकड्याकडे येईल असा. तसा ठेवला की पिणाऱ्याचा हात आपोआप कानावर पडतो. आमच्या टी-रूममध्ये आजही कपाचे कान चारवरच असतात. गिऱ्हाइकांना ते कळत नाही, पण हात बरोबर जातो.

दुसऱ्या कपातला चहा मात्र ती स्वतः कपातून प्यायची नाही. तो कप भरायची, क्षणभर ट्रेमध्ये ठेवायची, मग उचलून जर्मनच्या वाटीत ओतायची आणि उंबऱ्यावर बसून प्यायची. मी एकदा विचारलं, "अक्का, तू कपात का नाही पीत? खुर्चीवर का नाही बसत?"

"जी वाढस ती बठत नही, पोरी."

"मग तू बसणार कधी?"

"कोनी बठाडं ते बठसू," ती हसून म्हणाली.

हे ती थट्टेत म्हणत नव्हती, हे मला पुढे कळलं. मडमेनं तिला शब्द दिला होता. आपल्या मोडक्यातोडक्या मराठीत मडम म्हणायची, "हिरा, एक दिवस तू बसायचं. मी चहा देणार." वर्षानुवर्षं तो एक दिवस पुढे जात राहिला. शेवटी मडमेचं जायचं ठरलं आणि आदल्या दिवशी चार वाजता बंगल्याच्या व्हरांड्यात तो चहा नक्की झाला. अक्कानं धुतलेलं लुगडं नेसून केसांना तेल लावलं. मडमेनं स्वतः दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या. अक्का खुर्चीच्या कडेला टेकली न टेकली तोच फाटकातून दोन जीपगाड्या आत आल्या. कुणी मोठ्या अधिकाऱ्याच्या बायको, त्यांच्या बहिणी, आणखी कुणी. मडमेला निरोप द्यायला. मडम घाईघाईनं उठून पायऱ्या उतरली. आणि अक्का उठून स्वयंपाकघरात गेली. सात जणींचा चहा तिने केला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मडम गेली.

"तुला वाईट नाही वाटलं?" मी विचारायचे. हा प्रश्न मी लहानपणी किती वेळा विचारला असेल, मोजदाद नाही, कारण ती गोष्ट मला फार आवडायची आणि मी पुन:पुन्हा सांगायला लावायचे.

"कसाले? पाव्हना उनात. तेस्ले उभं ठेवानं का?"

म्हणजे मला ठाऊक नव्हतं असं अजिबात नाही. ही गोष्ट मला पाठ होती. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे वाचताना माझी बाजू घ्यायचा मोह कुणाला होऊ नये.

माझ्या बघण्याच्या कार्यक्रमाला चहा अक्कानं केला होता. जळगावची मंडळी आली होती, रावेरकडचे मूळचे, केळीवाले. आईनं पोहे केले आणि अक्का किटली, टोपी, निळे कप घेऊन हजर. मुलाच्या आत्यांनी टोपी उचलून उलटसुलट पाहिली आणि कौतुकानं म्हणाल्या, "वा! बाळाची टोपी आत्तापासून विणून ठेवली की!" मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. अक्काच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. तिने टोपी हळूच काढून घेतली आणि चहा ओतायला लागली. मग माझ्या होणाऱ्या सासऱ्यांनी कप उचलला, सगळा चहा बशीत ओतला आणि फुर्रकन पहिला घोट ओढला. आमच्याकडे त्यात काही वावगं नाही, पण माझ्या शहरी मावशीनं तोंडाला पदर लावला आणि सासऱ्यांना ते दिसलं. आता रिकामा कप कुठे ठेवावा या विचारानं त्यांचा हात अधांतरी राहिला. अक्का आत गेली आणि एक जादा बशी घेऊन आली. ती त्यांच्यापुढे ठेवत म्हणाली, "आबा, कप आठे ठेवा. मडमकडेबी दोन बश्या लागेत." मडमेकडे असलं काही नव्हतं. मी नंतर विचारलं तर म्हणाली, "पाव्हनाले लाज वाटनी म्हंजे वाढनारीनं चुकनं."

सासरे शेवटपर्यंत तिची आठवण काढायचे. "तुमच्या धुळ्याची ती बशीवाली बाई," म्हणायचे.

लग्न झालं, जळगावला आले, मुलं झाली, ती मोठी होऊन पुण्याला गेली. धुळ्याला गेले की अक्काकडे चहा व्हायचाच. तिची बालवाडी सुटली, गुडघे दुखायला लागले, पण स्टूल, रुमाल आणि टोपी तशीच. मी आले की "ऊनी का" आणि निघाले की चुलीपासूनच "जाय, जाय, गाडी चुकी जाई." दारापर्यंत ती कधी आली नाही. मी काय पाहुणी होते?

चार वर्षांपूर्वी नवऱ्यानं हौसेनं इंग्लंडची टूर घेतली. नवव्या दिवशी गाइडनं आम्हाला एका लहानशा गावातल्या जुन्या टी-रूममध्ये नेलं. दगडी भिंती, फुलाफुलांचे पडदे, गोल टेबलं. आमच्या ग्रुपमध्ये जळगाव-भुसावळची बावीस माणसं. सगळी त्या तीन मजली ताटाकडे पाहून गांगरली होती. आधी कुठल्या मजल्यावरचं खायचं, सुरी कशाला, साय कशावर, काही कळेना. आणि मला सगळं ठाऊक होतं! काकडीचं सँडविच आधी. स्कोन हातानं मोडायचा. किटलीवरची टोपी उचलण्याआधी थांबायचं. मी सगळ्यांना सांगत सुटले. वाढणारी म्हातारी बाई माझ्याकडे पाहून हसली आणि तिने माझ्या पुढ्यात कप ठेवताना तो जरासा फिरवला. कान चारवर.

माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. नवरा घाबरला, म्हणाला, "काय झालं, चहा आवडला नाही का?" मी म्हटलं, "इथं अक्का बसायला हवी होती." तिथूनच मी तिला फोन लावला. पलीकडून ती ओरडत होती, तिला वाटत होतं की परदेशात आवाज पोचायला ओरडावं लागतं. मी म्हटलं, "अक्का, मी जळगावला अशी जागा काढणार. आणि तिथं पहिला चहा तुला. तू बसायचं, मी वाढणार."

"तू वाढशी?"

"मी वाढणार. शब्द आहे माझा."

तिचं ओरडणं थांबलं. मग ती म्हणाली, "मंग मी नवं लुगडं लिसू."

नवऱ्यानं बरेच दिवस टिंगल केली. "केळीच्या गावात काकडी विकणार," म्हणायचा. पण जागा त्यानेच शोधली. मी धुळ्याला जाऊन अक्काला घेऊन आले. दोन महिने ती आमच्या घरी वरच्या खोलीत राहिली आणि मला, आणि स्वयंपाकघरात ठेवलेल्या दोन बायकांना, सगळं शिकवलं.

पुण्याहून एक शेफही बोलावला होता. केस बांधलेला, दंडावर चित्र गोंदलेला, गोड मुलगा. त्याचे स्कोन तीन दिवस दगडासारखे झाले. अक्का कोपऱ्यातल्या पाटावर बसून पाहत होती. चौथ्या दिवशी ती उठली, माठातल्या पाण्यात मनगटापर्यंत हात बुडवून बसली, आणि म्हणाली, "भाऊ, तुम्हना हात गरम शेत. लोनी पघळी जास." जळगावच्या एप्रिलमध्ये सगळ्यांचेच हात गरम असतात. तिने गार हातांनी लोणी मैद्यात चोळलं, पीठ दोनदा दुमडलं, वाटीनं गोल पाडले. स्कोन असे फुगले की शेफनं तिच्या पायाला हात लावला. तिने त्याला जवळ बसवून पहिला स्कोन मोडायला दिला. त्याने सवयीनं सुरी उचलली, तर म्हणाली, "भाकरले सुरी लावस का तू?"

काकडी ती इतकी पातळ कापायची की बशीवरचं फूल तिच्यातून दिसावं. मीठ लावून फडक्यात पिळायची, नाहीतर पाव ओला होतो. शेठ लोकांसाठी अंड्याशिवाय काय करता येईल, कांदा-लसूण कुठे टाळायचा, हे तिने न सांगता लक्षात घेतलं. साय म्हशीच्या दुधाचीच, मंद आचेवर रात्रभर न हलवता. आणि केळीचा जॅम तर तिचाच शोध. "केळीना गावमा ऱ्हाईसन केळी नही वाढी ते लोक काय म्हनतीन?"

या दोन महिन्यांत ती रोज एकदा तरी विचारायची, "मी कोठे बठसू?" आणि मी खिडकीजवळचं टेबल दाखवायचे. दोन खुर्च्यांचं, बाहेर कडुलिंब दिसणारं. ती तिथे जाऊन उभी राहायची, खुर्चीच्या पाठीवरून हात फिरवायची. बसायची मात्र नाही. "त्याच दिवसले," म्हणायची.

उद्घाटनाचा दिवस उजाडला. अक्का अंजिरी रंगाचं नवं लुगडं नेसली होती. सकाळपासून स्वयंपाकघरात राबून साडेतीनला तिने हातपाय धुतले, नवं लुगडं चापूनचोपून नीट केलं, आणि चार वाजता खिडकीजवळच्या खुर्चीवर येऊन बसली. पूर्ण टेकून नाही, कडेला. "बठू का?" असं विचारूनच बसली. मी रुमाल तिच्या मांडीवर पसरला. मडमेची किटली, मडमेचे निळे कप काढले होते खास. किटलीत गरम पाणी फिरवलं, पत्ती घातली, टोपी चढवली. माझे ओठ हलायला लागले. अक्काचेही हलत होते. आम्ही दोघी एकमेकींकडे पाहत आरती म्हणत होतो.

दुसरी आरती चालू असताना दारात गाडी थांबली. आमच्या भागातल्या एका मोठ्या कापूस-जिनिंगवाल्या शेठजींच्या घरच्या बायका आल्या, चौघी. त्यांना मी आमंत्रण दिलं होतं, पण येतील असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. त्या आल्या की मागून अर्धं जळगाव येणार, हे न कळायला मी काही दुधखुळी नव्हते. सगळी टेबलं भरलेली. मी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. नवऱ्याकडे पाहिलं, तो खांदे उडवून मोकळा. शेठाणी दारात उभ्या राहून पंख्याखाली यायची वाट पाहत होत्या. खिडकीजवळच्या टेबलाला आणखी दोन खुर्च्या लावल्या की चौघी बसणार होत्या.

मी अक्काच्या कानाशी वाकले. "अक्का, जरा उठतेस का गं? तू तर घरचीच आहेस."

हे वाक्य मी विचार करून बोलले नाही. आपल्याकडे ते विचार करून कुणीच बोलत नाही. पंगतीत पानं कमी पडली, गाडीत जागा कमी पडली, की घरच्या माणसानं उठायचं. तेवढ्यासाठीच तर माणसं घरची असतात.

"हाव, हाव," ती लगबगीनं म्हणाली. "पाव्हना उनात." ती उठली. मांडीवरचा रुमाल चार घड्या घालून ठेवला. आणि जाताना ज्या खुर्चीवर ती बसली होती, ती पदरानं पुसली.

ते मी पाहिलं आणि तरी पुढे झाले. "या ना, या," म्हणत चौघींना बसवलं.

किटली टेबलावरच राहिली होती. तिसरी आरती मी म्हटलीच नाही. पण पाच मिनिटांत स्वयंपाकघरातून अक्का बाहेर आली, ताजे स्कोन घेऊन. चहा तिनेच ओतला, चौघींना, बशीत थेंब न सांडता. प्रत्येकीपुढचा कप फिरवला. मग दोन पावलं मागे सरून भिंतीला उभी राहिली. शेठाणींनी स्कोन मोडला, चाखला आणि डोळे मिटले. "किती सुंदर! आणि या बाई कोण? फार व्यवस्थित वाढतात."

सगळी टेबलं ऐकत होती. तिचं नाव घ्यायचं, एवढंच करायचं होतं मला. ही माझी गुरू, एवढंच. आणि मी म्हणाले, "आमच्याकडे कामाला आहेत."

दहा मिनिटांपूर्वी घरची होती. खुर्ची हवी होती तेव्हा घरची, आणि मान द्यायची वेळ आली तेव्हा कामाला. मी का तसं म्हणाले? अनेक उत्तरं मी स्वतःला दिली. गडबड होती. लांबण लावायला वेळ नव्हता. खरं उत्तर असं की इंग्लंडहून सगळं शिकून आलेली वैशाली पाटील मला त्या दिवशी फार आवडत होती, आणि ती मला मोडायची नव्हती.

अक्का तीन हातांवर उभी होती. तिने ऐकलं. तिच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही, माझ्या बघण्याच्या वेळी हलली नव्हती तशीच. त्या दिवशी टोपीवरून झालेली माझी फजिती तिने गिळली होती. या दिवशी तिने माझं बोलणं गिळलं आणि शेठाणींना विचारलं, "आखो च्या लेशात?"

रात्री मी तिच्या खोलीत गेले नाही. दुसऱ्या दिवशी म्हटलं, "अक्का, आज चारला बसू आपण." ती पीठ चाळत होती. "राहू दे पोरी, गिऱ्हाईक शेत." तिसऱ्या दिवशी तेच, आठव्या दिवशी तेच. रागानं नाही, अगदी सहज. रुसली असती तर मी समजूत तरी काढली असती. तीन आठवड्यांनी एका सकाळी तिने पिशवी भरली. "तुन्या बाया बठ्ठं शिकी गयात. आते मना काय काम?" म्हणाली, नरडाण्याला भाच्याकडे जाते. काम हा शब्द तिने मुद्दाम वापरला असं मला वाटत नाही. पण मला तो लागला. किटली, टोपी आणि कप तिने माझ्याकडेच ठेवले. "तठे कोन पेस कपमा," म्हणाली.

आणि मी जाऊ दिलं. आता जाईन, मग जाईन, करता करता सहा महिने गेले. दिवाळीची गर्दी, मग लग्नसराई. शेवटी एका दुपारी मीच कपाटातली निळ्या वेलीची कपबशी पुसत होते आणि वाटलं, आज नाही तर कधीच नाही. टोपलीत किटली, टोपी, दोन कप, रुमाल, डब्यात स्कोन आणि साय घेतली आणि दुसऱ्या दिवशी गाडीनं नरडाण्याला उतरले. ठरवून टाकलं होतं. तिला बसवायचं, वाढायचं, आणि जे बोलायचं ते बोलायचं.

भाच्याचं घर स्टेशनापासून जवळच. अंगणात अक्का तूर पाखडत बसली होती. आणखी वाळली होती, पण कुंकू तेवढंच. मला पाहून सूप बाजूला ठेवून उठली. "कोन, वैशाली? ये माय, ये. बठ." आतून प्लास्टिकची खुर्ची आणली. ती पदरानं पुसली. मी म्हटलं, "अक्का, तू बस. आज मी चहा करणार." तोवर तिने टोपली माझ्या हातातून घेतलीसुद्धा. भाच्याच्या सुनेला पाणी ठेवायला सांगितलं. पाट उलटा घालून त्यावर रुमाल अंथरला, कोपरे सरळ केले. किटलीत गरम पाणी फिरवून अंगणात ओतलं. पत्ती, पाणी, टोपी. ओठ हलायला लागले आणि मला बोलता येईना. आरती चालू असताना बोलायचं नसतं.

तिने चहा ओतला. कप माझ्यापुढे ठेवला आणि फिरवला. दुसरा कप तिने भरलाच नाही. स्वतःसाठी वाटी घेतली आणि उंबऱ्यावर टेकली.

"अक्का, त्या दिवशी मी…"

"च्या थंडा व्हई जाई."

"मला नको वाढूस गं असं. मी घरचीच आहे ना?"

तिने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मला बरं वाटलं असतं. मला तिथे आपुलकीच दिसली, सासऱ्यांपुढे जादा बशी ठेवताना होती तशी. "नही पोरी," ती म्हणाली, "तू पाव्हनी शे. इतली दूरथून उनी. पाव्हनीनं आधी पेवानं ऱ्हास."

मी प्याले. असा चहा आमच्या टी-रूममध्ये आजवर झालेला नाही. टोपलीतलं सामान तिने धुऊन, पुसून, परत नीट भरून दिलं. मी ठेव म्हटलं तर ऐकलं नाही.

तीच शेवटची भेट. चार महिन्यांनी भाच्याचा फोन आला. त्या आठवड्यात मी खिडकीजवळच्या टेबलावर 'राखीव' अशी पाटी ठेवली. पहिल्याच रविवारी गर्दी झाली, दारात सहा माणसं ताटकळली, आणि मी ती पाटी उचलली. मी अशी आहे. पाटी अजून गल्ल्याखालच्या खणात पडली आहे.

पण त्या दिवशी नरडाण्याहून मी निघाले तेव्हा अक्का आत गेली आणि कुंकवाचा करंडा घेऊन आली. माझ्या कपाळाला बोट लावलं. एक हिरवा खण माझ्या ओटीत घातला, पाहुणीला घालतात तसा. मग माझ्याबरोबर अंगणातून बाहेर आली, गुडघा धरत, गल्लीच्या तोंडापर्यंत. चाळीस वर्षांत ती मला पोचवायला कधी उंबरा ओलांडून आली नव्हती. मी रिक्षात बसले. वळणावर मागे पाहिलं. ती डोळ्यांवर एका हाताची सावली धरून उभी होती आणि दुसरा हात वर करून हलवत होती. मी दिसेनाशी होईपर्यंत हलवत होती.